आहे तशी पसंत

जुन्या बंदुकीला हात लावायचा तर आधी हात धुवावेत, मग ते नीट कोरडे करावेत, आणि एवढं करून झाल्यावर शक्यतो हात लावूच नये. हे माझं मत मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ होतं. शेजारपाजारचे लोक माझ्या पाठीमागे त्याची नक्कलही करायचे. करोत बापडे. त्यांच्या घरी आजोबांच्या शिसवी देव्हाऱ्याला ऑइलपेंट फासलेला होता, त्यांच्याशी मी काय वाद घालणार?

ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी औषधांच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झालो होतो. घरात खोल्या दोन आणि माणसंही दोनच, मी आणि बायको. आम्हाला मूल झालं नाही. आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात चार बंदुका होत्या. चारही फौजेनं नाहीतर पोलिसांनी वापरून बाद केलेल्या, चारही माझ्या परवान्यावर रीतसर नोंदलेल्या. मी त्या कधी उडवत नव्हतो. शिकारीचा मला तिटकारा आहे. मी त्या फक्त जपत होतो.

कशासाठी, असं लोक विचारायचे आणि मला राग यायचा. पण प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून इथे एकदा सांगून टाकतो. फौजेत मी आर्मोरर होतो, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर. जुन्या रायफली वर्कशॉपमध्ये ढिगानं यायच्या. आम्ही त्यांचे सगळे भाग सुटे करायचो. नळ्या एका पेटीत, गोळी आत सरकवणारे बोल्ट दुसऱ्या पेटीत, लाकडी दस्ते तिसरीकडे. मग ज्याला जे बसेल ते बसवून नव्या रायफली तयार व्हायच्या. मुळात प्रत्येक रायफलीच्या सगळ्या भागांवर एकच नंबर ठोकलेला असतो. आमच्या हाताखालून गेल्यावर एका भागाचं दुसऱ्या भागाशी नातं राहायचं नाही. दस्त्यांवर शिपायांनी खिळ्यानं, चाकूच्या टोकानं काय काय कोरलेलं असायचं. गावाचं नाव, खंडोबा, कुणाची तरी मुलगी. ते सगळं घासून लाकूड साफ करायचा हुकूम होता आणि हुकूम पाळण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. वीस-बावीस वर्षं मी ते केलं. निवृत्तीच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की जशी कारखान्यातून निघाली आणि जशी शिपायानं वापरली तशीच्या तशी राहिलेली रायफल आता शोधूनही सापडत नाही. मग मला शोधायचा नाद लागला. एवढंच आहे ते. यात देशभक्ती नाही की मर्दुमकी नाही.

बंदुकांना नावं बायकोनं ठेवली होती. ठासणीची सगळ्यात म्हातारी बंदूक म्हणजे आजोबा. एका वेळी एकच गोळी घेणारी, पण एकेकाळी मोठा आवाज करणारी ती काकी. पोलिसांकडून बाद झालेली, दिसायला रुबाबदार आणि कामाची शून्य ती भावोजी. हे नाव तिनं माझ्या थोरल्या भावाच्या तोंडावर ठेवलं होतं आणि तोही हसला होता. चौथी थ्री नॉट थ्री, म्हणजे फौजेची नेहमीची रायफल. ती आमच्याकडे सगळ्यात शेवटी आली म्हणून धाकटी.

धाकटी बोरिवलीला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या साहेबांची होती. इंग्रजांच्या वेळच्या खास परवान्यावर ती त्यांच्याकडे आली आणि ते गेल्यानंतर कागदपत्रं होऊन माझ्याकडे आली. पहिल्यांदा मी तिचा बोल्ट काढून नंबर वाचला, मग नळीचा वाचला, मग नेम धरायच्या माशीच्या मागच्या पट्टीचा, मग लाकूड सोडवून आतल्या बाजूचा. सगळीकडे तोच नंबर. मी खुर्चीवर बसून राहिलो. आयुष्यभर ज्यांची ताटातूट केली त्यातलं एक कुटुंब कुणीतरी माझ्या हातात सुखरूप आणून ठेवलं होतं, असं मला वाटलं. आणि मला रडू आलं, हेही सांगायला हरकत नाही.

दस्त्याच्या डाव्या अंगाला खिळ्यानं एक चित्र कोरलेलं होतं. कौलारू घर, दारात तुळस, बाजूला एक माड. कोण होता तो शिपाई, कुठल्या आघाडीवर बसून त्यानं ते कोरलं, काही माहीत नाही. पण माणूस आमच्या कोकणातला होता याबद्दल मला शंका नव्हती. त्या रेघांमध्ये त्याच्या हाताचा, घामाचा मळ बसून त्या काळ्या झाल्या होत्या. मी बायकोला ते कौतुकानं दाखवलं. ती मालवणकडची. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "माड असो वाकडो कसो काढल्यान? ह्येका माडार कोणी चढाक दिल्यान नसतला."

मुंबईच्या हवेत लोखंड जपणं म्हणजे रोजची मारामारी. भिंतींना ओल, कपाटाला ओल, पावसाळ्यात तर चामड्याच्या पट्ट्यावर एका रात्रीत पांढरी बुरशी. मी कळीच्या चुन्याचे खडे फडक्यात बांधून कपाटाच्या तळाशी ठेवायचो, ते ओल ओढून घेतात. लाकडाला वर्षातून एकदा जवसाचं कच्चं तेल, तेही दोन थेंब, तळहातानं ऊब येईपर्यंत चोळायचं. नळीतून तेलाची चिंदी ओढायची. लोखंडावर जी तपकिरी झाक येते ती गंज नसते, ती त्या बंदुकीची कातडी असते. ती काढायची नाही. खरवडायचं नाही, घासायचं नाही, चमकवायचं तर मुळीच नाही. बायकोच्या स्वभावाला हे सगळं उलटं होतं. ती चिंच आणि राख घेऊन बसली की तांब्याच्या घागरीत तोंड दिसायचं. दर दसऱ्याला पूजेसाठी बंदुका पाटावर मांडल्या की तिचे हात शिवशिवायचे. "ही काळी तोंडा घेवन देवासमोर बसतत, माकाच लाज येता," म्हणायची. मी नुसता बघायचो आणि ती हळदकुंकवाचं बोट वाहून गप्प बसायची.

आमच्याच नाक्यावर दगडी मारुतीचं एक जुनं देऊळ होतं. त्या वर्षी त्याचा जीर्णोद्धार झाला. दगडाला गुलाबी फरशा लागल्या, मारुतीवरची शेंदराची पुटं काढून त्याला चकचकीत ऑइलपेंट दिला, आणि भिंतीवर देणगीदारांची नावं आली. सगळे खूश होते. मी कमिटीतल्या एकाला म्हणालो, अहो, हा कालपर्यंत चारशे वर्षांचा होता, आज सहा महिन्यांचा झाला. तो म्हणाला, तेच तर, किती फ्रेश वाटतो ना?

त्याच सुमाराला हत्यारांचा नवा कायदा आला. माणशी तीनच बंदुका. परवान्याच्या नूतनीकरणाला गेलो तेव्हा टेबलामागच्या अधिकाऱ्यानं माझे कागद उलटसुलट केले आणि सांगितलं, एक सोडावी लागेल. आणि कोणती ते ठरवायची मुभाही मला नव्हती.

"ही थ्री नॉट थ्री फौजी बोअरची, फौजेचीच गोळी घेणारी," तो म्हणाला. "ही तुमच्याकडे इतकी वर्षं राहिली हेच खूप झालं. बाकीच्या तीन राहू देत."

"मी ती उडवत नाही. गोळ्यासुद्धा नाहीत माझ्याकडे."

"मग तुम्हाला काय फरक पडतो?" त्यानं विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. त्यानं मला रस्ते सांगितले. परवानाधारक दुकानदाराला विका, सरकारी संग्रहालय घेत असेल तर त्यांना द्या, नाहीतर मुदतीच्या आत पोलीस ठाण्यात जमा करा. जमा केलेल्या मालाचं पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. तो वितळवतात.

फोर्टातल्या दुकानदाराकडे गेलो. त्यानं धाकटी न बघताच उपाय सांगितला. नळी कापून आखूड करू, लाकूड तासून त्यावर जाळीची नक्षी काढू, बोअर बदलू, मग एखादा मळेवाला घेईल. मी उठून आलो. मी रागानं बोललो असतो तर बरं झालं असतं, पण राग आलाच नाही. नुसतं रिकामं वाटत होतं.

राहिलं संग्रहालय. मी अर्ज केला, दोनदा जाऊन भेटलो. तिथले एक अधिकारी, किडकिडीत, चष्मा लावणारे, माझं बोलणं मन लावून ऐकणारे भेटले. त्यांनी साफ सांगितलं, "थ्री नॉट थ्री आमच्याकडे पुष्कळ आहेत. पण सगळ्या भागांवर एकच नंबर, वर शिपायानं कोरलेलं चित्र, आणि एकदाही दुरुस्तीला न गेलेली, अशी एकही नाही. तुम्ही म्हणता तशी असेल तर मी भांडून घेईन." ते म्हणाले, गुरुवारी दुपारी चार वाजता घरी येऊन पाहतो.

त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. बायको ताटात वाढायची आणि मी भात चिवडत बसायचो. गुरुवारचं कळल्यावर ती म्हणाली, "बघूक येतत म्हणजे पसंत पडाक व्हयी." मी म्हणालो, "पडेल." त्या एका शब्दावर मी दोन दिवस जगलो. त्या दोन्ही दिवशी मला सकाळची ड्युटी होती. कपाटाची किल्ली नेहमीप्रमाणे देवघरात, समईच्या मागे होती.

गुरुवारी अडीचला घरी आलो तर दारातच स्पिरिटचा वास आला आणि त्याच्या मागून चिंचेचा. माझ्या मनात काहीच आलं नाही. खालच्या मजल्यावर सुतार कुणाचा तरी दिवाण पॉलिश करत होता, वाटलं तिथलाच असेल. बायकोनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पोहे भिजवलेले, खोबरं खवलेलं, वाटीत कोथिंबीर चिरलेली. तिनं माझा हात धरला, आतल्या खोलीत नेलं आणि पाटावर आडवी ठेवलेली धाकटी दाखवली.

मी ती ओळखली नाही. हे मी अलंकारिक बोलत नाही. खरंच क्षणभर मला वाटलं ही दुसऱ्याच कुणाची बंदूक आहे. लाकूड लालसर, गुळगुळीत, लाखेच्या पॉलिशनं तेलकट चमकणारं. लोखंडावरची सगळी झाक गेलेली, खालचा पांढरा धातू उघडा. दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी देवाच्या घंटेइतकी लखलखीत. बोल्टवर नंबर होता तिथे बोट फिरवलं तर नुसती एक पुसट खळी लागली. डावी बाजू वळवून बघायचं धैर्य मला होईना. शेवटी वळवली. तिथे काहीही नव्हतं.

"तां घर ठेवूचा होता माका," बायको मागून म्हणाली. "पण बाजूचा सगळा उजाळला आणि तां डागासारख्या दिसाक लागला. मगे तां पण काढलंय." सुताराकडून तिनं काचपेपर आणि पॉलिश मागून आणलं होतं. दोन दिवस, मी कामावर गेलो की दार लावून ती घासत बसायची. तिची बोटं काळी झाली होती, एका अंगठ्याला चिंधी बांधली होती. तोंडावर इतका आनंद होता की मला तिच्याकडे बघवेना.

माझ्या तोंडात शिव्या आल्या. मी रागीट माणूस आहे, कारखान्यात माझ्या आवाजाला पोरं टरकून असायची. ओठ उघडलेही होते. तेवढ्यात ती म्हणाली, "तुमी माका होतंय तशी घेतलास. सगळे तुमच्यासारके नसतत."

हे समजायला आमच्या लग्नाचं थोडं सांगावं लागेल. ती रंगानं काळी. माझ्याआधी पाच-सहा ठिकाणचे लोक तिला बघून गेले होते आणि प्रत्येकानं गावी पोचल्यावर घरात जागा नाही, पत्रिका जुळत नाही, असल्या सबबी सांगून नकार कळवला होता. दर वेळी आदल्या दिवशी तिची आई तिला साय, हळद, चण्याचं पीठ लावून न्हाणीत बसवायची आणि कातडी लाल होईपर्यंत घासायची. मी बघायला गेलो तेव्हा मला रजा कमी होती, आम्ही एक दिवस आधीच पोचलो. घासायला वेळ मिळाला नाही. ती तशीच, अंगणात शेणाचे हात घेऊन उभी होती. मी तिथल्या तिथे बरोबर आलेल्या माझ्या काकांना सांगितलं, आहे तशी पसंत आहे. ते वाक्य तिनं आयुष्यभर जपून ठेवलं होतं. भांडण झालं तरी ती ते विसरायची नाही. आणि त्याचबरोबर तिनं हेही जपून ठेवलं होतं की जगात बाकी कुणी आहे तसं पसंत करत नाही. धाकटीला नकार येऊ नये, मी पुन्हा जेवायला लागावं, एवढ्यासाठी तिनं तिच्या आईनं तिच्यासाठी केलं तेच केलं होतं.

मी म्हणालो, "चांगलं केलंस." दुसरं काय म्हणणार होतो? त्यानंतर मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो आणि चार वाजायची वाट बघू लागलो.

संग्रहालयाचे साहेब वेळेवर आले. त्यांनी बॅगेतून भिंग काढलं, गुडघ्यावर बसले, आणि भिंग न लावताच थांबले. मग उगाच सगळीकडून पाहिलं. बोल्टवर बोट फिरवलं. डाव्या अंगाला पाहिलं. माझ्याकडे मान वर करून पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सरळ सरळ प्रश्न होता, की मी खोटं बोललो होतो का. मी काही बोलणार एवढ्यात बायको पोह्यांची बशी घेऊन आली. डोक्यावरून पदर, नजर खाली. बशी ठेवताना तिची काळी बोटं आणि अंगठ्याची चिंधी त्यांना दिसली. मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला.

"वहिनी, फार मेहनत घेतलीत हो तुम्ही," ते म्हणाले.

"मेहनत कसली," ती म्हणाली. शहरातल्या माणसाशी ती ठेवणीतलं मराठी बोलायची. "आवडली ना?"

"सुंदर दिसतेय," ते म्हणाले. आणि त्यांनी शेवटच्या शितापर्यंत पोहे खाल्ले. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

मी त्यांना सोडायला गेटपर्यंत गेलो. ते छत्रीच्या टोकानं जमिनीवर रेघा काढत उभे होते. मग म्हणाले, "अशा पॉलिश केलेल्या आमच्या तळघरात पडून आहेत. मी मागितली तर वर मला विचारतील, हिच्यात वेगळं काय. मी काय दाखवू त्यांना?"

"काही नाही दाखवता येणार," मी म्हणालो. "ते मला कळतं. मी आर्मोरर होतो."

"घरी काय सांगाल?"

"तुम्हीच सांगा."

"जागा नाही म्हणा. तेही काही खोटं नाही."

वर आलो आणि तेच सांगितलं. मला वाटलं होतं ती त्यांना चार शब्द सुनावेल. तिनं बशी विसळली, पुसली, फळीवर ठेवली. मग ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "जागा नाय असा सगळेच सांगतत. माझोच हात कमी पडलो. दोन दिसात काय होताला?"

मी तिला खरं सांगू शकलो असतो. जागा नाही असं सगळेच सांगतात, हे ती कुठल्या अनुभवातून बोलली ते मला कळलं नसतं तर कदाचित सांगितलंही असतं.

मुदत संपायच्या आत आम्ही दोघं धाकटीला पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. माझी एकट्यानं जायची तयारी होती, पण ती ऐकेना. लेक सासरी पाठवताना बाप एकटा जात नाही, म्हणाली. तिनं धाकटीला कुंकू लावलं, आपल्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलं आणि रिक्षात मांडीवर आडवी घेऊन बसली. ठाण्यातल्या मुद्देमालाच्या कोठडीवर एक तरुण हवालदार होता. लुगडं सोडल्यावर तो म्हणाला, "अरे वा, काय चकाचक ठेवलीय काकांनी. एकदम झकास. साहेबांच्या केबिनमध्ये लावायला पाहिजे अशी." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. मग त्यानं घोड्याच्या कडीतून तारेनं एक चिठ्ठी बांधली आणि धाकटीला आत नेऊन गावठी कट्टे, तलवारी आणि गुप्त्या पडल्या होत्या त्या कोपऱ्यात टेकवलं. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो वर्कशॉपचा, की पॉलिशला ओरखडा गेला असणार. आता गेला तरी काय बिघडत होतं?

"पुढं काय होतं हो यांचं?" तिनं हवालदाराला विचारलं.

मी तिच्यामागून त्याला नको म्हणून मान हलवली. पोरगा हुशार होता. "ठेवतो ना नीट, मावशी," तो म्हणाला.

परत येताना तिला बसमध्ये खिडकी मिळाली. ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "एकान तरी नावाजल्यान."

मी पुन्हा जेवायला लागलो. न जेवून कुणाला काय सांगायचं होतं? कपाटात चौथ्या खाचेत मोकळी जागा राहिली. मी चुन्याचे खडे बदलत राहिलो, ओल काही कमी झाली नाही. कारखान्यात संपाचे वारे सुरू झाले होते, गिरणीतला माझा भाऊ केव्हाचा घरी बसला होता, तो येऊन आमच्याकडे चहा प्यायचा आणि भावोजी कसे आहेत म्हणून विचारायचा. दिवस असेच निघून गेले. धाकटी कधी भट्टीत गेली ते मला कुणी कळवलं नाही आणि मी विचारायला गेलो नाही.

दसरा आला. आदल्या दिवशी दुपारी मी बाजारातून झेंडूची फुलं घेऊन आलो तर आतल्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली होती. त्यावर काचपेपराचे नवे कोरे तुकडे, लाखेच्या पॉलिशचा डबा, कापूस, चिंचेचा गोळा. तिनं या वेळी सगळं आधीपासून जमवून ठेवलं होतं. कपाट उघडं होतं, पण बंदुकांना तिनं हात लावला नव्हता. माझी वाट बघत बसली होती.

"आजोबांपासून सुरुवात करूया," ती म्हणाली. "ह्या खेपेक घाई नाय. सावकाश, नीट करूया. उद्या कोण आणि कायदो करीत, ह्यांका पण खयतरी देवचा लागात. तेवा कोणी नाय म्हणता नये."

माझ्या तोंडून नाही असं नुसतं निघालं असतं तरी तिनं कारण विचारलं असतं. आणि कारण एकच होतं, धाकटीला नकार कशानं आला ते.

आजोबांच्या दस्त्यावर हाताच्या पंजाएवढा एक गडद डाग होता. शंभराहून जास्त वर्षं कुणाकुणाचे गाल तिथे टेकून झालेला. मी त्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग मांडी घालून तिच्यासमोर बसलो, नळी खांद्याला टेकवली आणि दस्ता तिच्याकडे केला. काचपेपर कोणता घ्यायचा ते तिला नीट ठाऊक नव्हतं. मी खरखरीत तुकडा बाजूला काढला आणि बारीक कण्यांचा तिच्या हातात दिला. रेघांच्या दिशेनं घास, म्हटलं, आडवा नको.

ती घासू लागली. पेपरवर तपकिरी भुकटी पडू लागली. थोड्या वेळानं तिनं कपाळावरचा घाम दंडानं पुसला, डाग वाकून पाहिला आणि विचारलं, "ह्यो काय जाता दिसना नाय. जोर लावू काय?"

"लाव," मी म्हणालो, आणि आजोबा हलू नयेत म्हणून नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.